मी बंद केलेली जाळी

मी रसायनशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. देवासच्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या मुलींना गेली बावीस वर्षं मी हिंदीतून शिकवते आहे. हवा कमी पडली की जळणारी वस्तू कोणता वायू सोडते, त्याला रंग नसतो, वास नसतो, तो रक्तात कसा शिरतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्या हिवाळ्यातही लिहिलं होतं.

त्या वर्षी डिसेंबर संपता संपता दोन दिवस मावठा पडला आणि पाऊस थांबल्यावर उत्तरेचा वारा सुटला. माझ्या शेजारच्या भाभींचं माहेर लोहारद्याचं. त्यांच्या भावाच्या शेतातला हरभरा एका रात्रीत पाल्यानं, गोठलेल्या दंवानं, काळा पडल्याचा फोन आला, तेव्हा मला पहिल्यांदा धारची काळजी वाटली. धारला माझे वडील एकटे राहत होते.

आम्ही वडिलांना नाना म्हणतो. लहानपणी यावरून फार घोळ व्हायचा. वर्गातल्या मैत्रिणींना वाटायचं मी आईच्या वडिलांबद्दल बोलते आहे, आणि ‘तेरे पापा कहाँ हैं?’ असं त्या दबक्या आवाजात विचारायच्या. नाना रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. सरदारपूर, मनावर, त्या बाजूच्या कित्येक सडका आणि पुलिया, म्हणजे ओढ्या-नाल्यांवरचे छोटे पूल, त्यांनी उभं राहून करून घेतल्या. आई गेल्यानंतरची तीन वर्षं दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते स्वतः खिचडी टाकून खात होते. वय एक्याऐंशी.

मी रोज सकाळी सातला फोन करायची.

“नाना, थंडी कशी आहे?”

“ही काय थंडी! सरदारपूरला आम्ही तंबूत राहायचो. बादलीतल्या पाण्यावर साय धरायची.”

एके दिवशी मात्र त्यांचा आवाज थरथरत होता. दात दातांवर वाजत होते, ते मला इकडे ऐकू येत होतं. लाइट गेली होती म्हणून त्यांनी गार पाण्यानंच आंघोळ उरकली होती आणि वर धोतरही धुतलं होतं. मी बंगळूरच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तू तिथे आहेस म्हणून मी निश्चिंत असतो.” असं कुणी म्हटलं की त्याची निश्चिंती आपल्या उरावर येऊन बसते. त्या शनिवारी मी इंदूरला बस बदलून धारला गेले.

नाना यायला तयार नव्हते. शेवटी मी खोटं बोलले. “मलाच बरं नाही, पंधरा दिवस सोबतीला चला,” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, धाबळी, तांब्या आणि दोन धोतरं पिशवीत भरली, कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि माझ्या पुढे चालू लागले. बसमध्ये दर अर्ध्या तासानं विचारत होते, “आता कसं वाटतंय?”

देवासला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या बाजूला. मी कामाला लागले. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. पिंजाऱ्याकडून दोन रजया नव्यानं भरून आणल्या. दाराखालून वारा येतो म्हणून जुन्या साडीची गुंडाळी करून तिथे लावली. माझे यजमान कारखान्यात पहिल्या पाळीला असतात. पहाटे सहाला निघताना ती गुंडाळी पायानं सारावी लागायची.

“हे घर आहे की थर्मास?” ते म्हणाले.

“नानांना सर्दी झाली तर तुम्ही बघणार आहात का?”

त्यांनी डबा उचलला आणि निघाले. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच असं गप्प करत होते. शाळेत दोन तासांच्या मध्ये स्टाफरूममधून नानांना फोन करायचा, स्वेटर घातलाय का, पायमोजे घातलेत का, पाणी गरम करून प्यायलात का. नानाही बंद घरात वैतागले होते. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांच्या येरझारा चालायच्या. खालच्या बिऱ्हाडातल्या लोकांनी एकदा विचारलं, वर कुणी व्यायाम करतं का.

राहिलं न्हाणीघर. तिथे गॅसचा गीझर आहे, भिंतीवर, आतच. त्याच्या समोर वर एक चौकोनी जाळी, बाहेरच्या डक्टमध्ये उघडणारी. गीझर बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता, “मैडम, ये जाली कभी बंद मत करना.” मी त्याला म्हटलं होतं, “मालूम है भिया, मैं यही पढ़ाती हूँ.”

आम्ही दोघं पाच मिनिटांत आंघोळ करून बाहेर येणारी माणसं. नानांना वीस मिनिटं लागत. पाटावर बसून, तांब्यानं पाणी घेत, खड्या आवाजात नद्यांची नावं घेत त्यांची आंघोळ चालायची. आधी गंगा-यमुना वगैरे मोठ्या नद्या, मग त्यांच्या स्वतःच्या: नर्मदा, चंबळ, माही, मान. ज्यांच्या ओढ्या-नाल्यांवर पुलिया बांधल्या त्यांना विसरायचं कसं, म्हणायचे. देवासला आल्यापासून त्यांनी शेवटी क्षिप्राही जोडली होती, पाहुण्यानं यजमानाचा मान ठेवावा तशी. चौथ्या दिवशी बाहेर आल्यावर अंग पुसता पुसता सहज म्हणाले, “तुमच्या न्हाणीत पाठीवर वारा फार लागतो गं.”

एवढंच म्हणाले. तक्रार नव्हती ती. त्याच दिवशी शाळेतून आल्यावर मी टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल काढलं, जाळीच्या मापानं कापलं, स्टुलावर चढून बसवलं आणि चारी कडांना खाकी टेप मारली. हात फिरवून पाहिला. वारा येत नव्हता. मला आठवतं, मी स्टुलावरून उतरले तेव्हा खूश होते.

मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण ते ज्ञान शाळेतल्या फळ्यावर होतं आणि ती जाळी माझ्या घरात होती. त्या दोहोंची गाठ मी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर नाना म्हणाले, “आज डोकं जड वाटतंय.” मी आल्याचा चहा दिला. तिसऱ्या दिवशी बाहेर येताना त्यांनी दाराची चौकट धरली. मी ब्लडप्रेशर मोजलं, ते बरं निघालं. “थंडीमुळे असेल,” मी म्हटलं आणि त्यांना कानटोपी घातली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडीमुळे मुलांना छुट्टी जाहीर झाली होती. शिक्षकांना मात्र दहापर्यंत हजर व्हायचं होतं. एरवी साडेसातलाच मी घराबाहेर पडलेली असते. त्या दिवशी नऊ वाजता घरात होते, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

एरवी माझ्या निघण्याआधी आंघोळ उरकणारे नाना त्या दिवशी उन्हाची वाट पाहून नऊला आंघोळीला गेले. मी त्यांचा बंडी-सदरा इस्त्रीनं गरम करत होते, बाहेर आल्या आल्या ऊनऊन अंगात घालता यावा म्हणून. आतून आवाज येत होता. नर्मदा झाली. चंबळ झाली. माही जरा ओढल्यासारखी आली. मग काही नाही.

मला वाटलं, साबण लावत असतील. मी सदऱ्याची दुसरी बाजू उलटली. गीझर भुर्रर करत होता, पाणी बादलीतून वाहून फरशीवर पडत होतं. नाना बादली भरली की नळ बंद करणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी असं वाहू दिलं नव्हतं.

“नाना?”

दार वाजवलं. “नाना, कडी काढा.”

नुसतं पाणी. मी खांद्यानं धक्का दिला, दार हललं नाही. आणि त्या क्षणी, दाराला कान लावलेला असताना, माझ्या डोळ्यांसमोर ते थर्मोकोल आलं. मला कुणी सांगावं लागलं नाही. मी पळत जाऊन जिन्याचं दार उघडलं आणि ओरडले, “भिया! भिया, जल्दी आओ!”

समोरच्या घरातले भिया, म्हणजे भाभींचे यजमान, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. छुट्टीमुळे ते घरी होते, चहाचा कप हातात घेऊनच आले. न्हाणीचं दार प्लॅस्टिकचं. त्यांनी खालच्या फळीला दोन लाथा मारल्या, फळी फुटली, आत हात घालून कडी काढली. आतून गरम, दमट वाफ तोंडावर आली. नाना भिंतीला टेकून पाटावरून घसरलेले, मान छातीवर, तांब्या मांडीवर.

“साँस रोककर अंदर जाओ,” मी ओरडले. “गैस है.”

भियांनी आधी गीझरचा कॉक फिरवला आणि मग काखेत हात घालून नानांना बाहेर ओढलं. मी पाय धरले. वडिलांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. पाहायचंही नसतं. पण त्याहून वेगळीच गोष्ट मनात रुतली. त्यांचा चेहरा गुलाबी होता, तो वायू रक्तात भिनल्यावर होतो तसा. एक्याऐंशी वर्षांच्या, सावळ्या, सुरकुतलेल्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा गुलाबी. ज्याला माहीत नाही त्याला वाटलं असतं, तब्येत सुधारली.

भाभी धावत रजई घेऊन आल्या. “दीदी, पलंग पे लो, बदन गीला है, ठंड लग जाएगी.”

“नहीं. गैलरी में.”

“अरे पागल हो गई हो? बाहर देखो कैसी हवा चल रही है!”

“भाभी, हवा ही चाहिए इनको!”

मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. खळीनं चिकटवलेल्या पट्ट्या फाडल्या. ज्या वाऱ्याला मी आठवडाभर घराबाहेर ठेवलं होतं तो एकदम आत आला, कॅलेंडर भिंतीवर फडफडू लागलं. भियांनी नानांना गॅलरीच्या फरशीवर एका कुशीवर निजवलं, भाभींनी अंगावर रजई टाकली, तोंड मात्र मी उघडं ठेवलं. ते घोरल्यासारखा श्वास घेत होते. मी त्यांच्या गालावर थापट्या मारत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “नाना, श्वास घ्या, नाना, श्वास घ्या.”

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांना उलटी झाली. मग डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “बस आली का?”

भियांनी त्यांना पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवले. व्हॅनमधल्या मुलांच्या बाकावर मी नानांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सगळ्या काचा खाली केल्या होत्या. दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, “कमरे में सिगड़ी थी?”

“नहीं. गैस गीज़र.”

“वेंटिलेशन?”

“बंद था,” मी म्हटलं.

बंद था. कुणी केलं होतं ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. तिनं मान हलवली, “ठंड में लोग यही करते हैं,” म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. दुपारी यजमान कारखान्यातून आले. त्यांना मी सांगितलं, नानांना गीझरच्या गॅसनं चक्कर आली. संध्याकाळी भावाला सांगितलं, नानांना चक्कर आली. दर वेळी वाक्य एकेका शब्दानं लहान होत होतं. भाऊ म्हणाला, “बरं झालं तुझ्याजवळ होते. धारला एकटे असते तर?”

मी फोन ठेवला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहिले.

यजमानांना ते न सांगताच कळलं. घरी जाऊन त्यांनी जाळी पाहिली होती. रात्री त्यांनी टेप सोलून काढली, थर्मोकोलचे तुकडे करून कचऱ्यात टाकले आणि मला त्याबद्दल एका अक्षरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी नानांना घरी सोडलं. डॉक्टर म्हणाली होती, काही दिवस लक्ष ठेवा, विसरायला होईल, चिडचिड होईल. मग मी लक्ष ठेवू लागले, आणि तेही अतीच. ते झोपले की नाकापुढे बोट धरायचं. जागे झाले की परीक्षा घ्यायची.

“नाना, मनावरला जाताना कोणती पुलिया तुम्ही केली?”

ते विचार करायचे. कधी सांगायचे, कधी हात झटकायचे. एकदा त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन सिंकला धरून उभी राहिले. पण आईच्या नावानं ते मला पूर्वीही कधी कधी हाक मारत असत. आता मात्र कुठली चूक म्हातारपणाची आणि कुठली माझी, हे मला कळेनासं झालं होतं.

गॅसचा गीझर काढून टाकला. पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापवायचं ठरलं. खिडक्या मी दिवसभर उघड्या ठेवायला लागले. घर बर्फासारखं. यजमान जेवताना मफलर गुंडाळून बसायचे. नाना एकदा दुलईतून तोंड बाहेर काढून म्हणाले, “अगं, गॅसपासून वाचवलंस ते गारठवून मारायला का?”

मला घरात बसवत नव्हतं. एका रविवारी मी उठले आणि आमच्या इमारतीतल्या घराघरांत जाऊन न्हाणीघर दाखवा म्हणू लागले. लोक बुचकळ्यात पडले. दीदींना काय झालं, असं एकमेकांकडे बघत होते. बहुतेक घरांत विजेचे गीझर होते. पहिल्या मजल्यावर एका घरात मात्र गॅसचा होता, आणि वरच्या जाळीत गोणपाट कोंबलेलं होतं. घरात वर्षाचं बाळ होतं.

“ये निकालो,” मी म्हटलं.

त्या बाळाची आई हसून म्हणाली, “दीदी, बच्चे को नहलाते हैं ना, हवा आती है.”

“मालूम है. मेरे यहाँ भी आती थी. इसलिए मैंने बंद की थी जाली. मैंने अपने हाथ से बंद की थी, और मेरे पिताजी अंदर थे.”

ते पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं. ती हसायची थांबली. तिच्या सासूनं माझ्यासमोर स्टूल ओढलं, वर चढून गोणपाट खेचून काढलं आणि खाली टाकलं. मला त्यांनी पाणी दिलं. सासूबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या.

त्याच दुपारी मी नानांना सांगितलं. ते गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी समोर सतरंजीवर बसले आणि सरळ सांगितलं की जाळी मी बंद केली होती. वारा लागतो म्हणालात म्हणून केली. बंद करू नये हे मला ठाऊक होतं.

नानांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “तू हेच शिकवतेस ना?”

“हो.”

“मग?”

ते उठले, कठड्याला धरत जिन्याकडे गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. यजमानांशी बोलायचे, भियांशी गच्चीवर गप्पा मारायचे, मी आले की गप्प. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार बसले. “मला धारला सोड.”

मी विनवण्या केल्या नाहीत. मला तो हक्क उरला नव्हता. बसमध्ये त्यांनी खिडकीची काच स्वतः दोन बोटं उघडली आणि तशीच ठेवली. धारला पोचल्यावर पाहते तो त्यांच्या मोरीत पाणी तापवायची विजेची सळई, तिची वायर दोन ठिकाणी सोललेली. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. “तुझं ते न दिसणारं मरण, माझं हे निदान दिसतं तरी!” नाना म्हणाले. मी ती सळई पिशवीत टाकली, बाजारातून नवी आणली, समोरच्या घरातल्या काकूंना रोज सकाळी डोकावायला सांगितलं आणि परतले. इंदूरला बस बदलताना मी चुकून पुन्हा धारच्याच गाडीत चढले होते. कंडक्टरनं विचारलं तेव्हा उतरले.

भावाला त्या आठवड्यात सगळं सांगितलं. त्यानं डॉक्टर काय म्हणाली ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “ताई, मी मार्चमध्ये येतो. पंधरा दिवस राहतो.” आणि खरंच आला पुढे. पण ते नंतर.

संक्रांत होऊन गेली. थंडी उतरायचं नाव घेत नव्हती. मी सकाळी सातचा फोन करत होते, नाना “हं, आहे, ठीक आहे” एवढं बोलून ठेवत होते. मग एके दिवशी सातला त्यांनी उचललाच नाही. साडेसातलाही नाही. समोरच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, कुलूप दिसतंय. मी शाळेत रजेचा निरोप दिला, चप्पल घालते आहे तोच साडेआठच्या सुमारास फोन वाजला.

“मी इथे स्टँडवर आहे. भियाला व्हॅन घेऊन पाठव.”

“कुठल्या स्टँडवर?”

“देवासच्या. आणखी कुठल्या?”

एक्याऐंशी वर्षांचा, तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातून उठलेला माणूस एकटा, पहाटेच्या थंडीत, इंदूरला बस बदलून आला होता. मी भियांबरोबर गेले. नाना रसाच्या बंद दुकानापुढे कानटोपी घालून उभे होते, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. मी रागावायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे न बघता भियांकडे गेले आणि डबा त्यांच्या हातात दिला.

“भिया, उस दिन आपको राम-राम भी नहीं बोल पाया,” ते म्हणाले. “होश नहीं था.”

भिया ओशाळले. “अरे नाना, कैसी बात कर रिये हो!”

व्हॅनमध्ये नाना माझ्या शेजारी बसले. स्टँड मागे पडल्यावर म्हणाले, “मी रागावलो नव्हतो.”

“मग बोलत का नव्हता?”

“भ्यालो होतो. तुझ्या हातून असं होईल हे मला कधी सुचलं नसतं, म्हणून भ्यालो. माझ्यामागे तुला कोण सांभाळणार मग?” आणि थोडं थांबून, “मला सरदारपूरच्या तंबूतही थंडी वाजायची गं. मी उगीच सांगतो.”

त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो कोमट होता, एवढं मला कळत होतं.

ते आठ दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यातलं पाणी बादलीत ओतून दिलं, तेव्हा न्हाणीच्या नव्या दाराशी उभे राहून त्यांनी विचारलं, “कडी लावू?”

“नको. लोटून घ्या.”

“तू तिथे उभी राहू नकोस मग.”

मी उभी राहिले नाही. म्हणजे, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ते नीट आंघोळ करून बाहेर आले. मी शाळेत गेले. पहिल्या तासानंतर फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या तासानंतर तीनदा केला. मुख्याध्यापिकेला सांगितलं, घरी जाऊन येते, आणि रिक्षा करून घरी आले. जिन्याकडे धावतच निघाले होते, तर इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत उन्हात नाना आणि भिया बसलेले. मध्ये पाटावर बोरं. नाना भियांना माहीच्या पुलियाचा पाया कसा खचला होता ते सांगत होते.

“शाळा सोडून आलीस?” त्यांनी विचारलं.

“फोन का नाही उचललात?”

“वर राहिला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या. मग बोलले, “बस जरा. ऊन आहे.”

मी बसले. पाच मिनिटंसुद्धा बसवलं नाही. उठून वर गेले, फोन आणला, त्यांच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं. भियांनी हसत व्हॅनची किल्ली उचलली. “चलो दीदी, छोड़ देता हूँ. आप आज यहाँ बैठोगी नहीं, और नाना को बैठने दोगी नहीं.”

चौथा तास बारावीचा होता. मी वर्गात शिरले तेव्हा मुली शाली गुंडाळून, दारं-खिडक्या लावून बसल्या होत्या. मी आधी एक खिडकी उघडली, मुलींनी कुरकुर केली, आणि मी खडू न उचलता त्यांना माझ्या घरातल्या त्या जाळीबद्दल सांगायला सुरुवात केली.